मदत हवी आहे : गटोपचारात गप्प बसणाऱ्यांना बोलते कसे करावे?

मुंबईतील एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मी परिचारिका असून, व्यसनमुक्तीसाठी आलेल्या ८ रुग्णांचे गटसत्र घेते. एक काका सतत बोलतात आणि बाकीचे मान खाली घालून ऐकतात. ‘असे का केलेत?’ या प्रश्नाने रुग्णाला जाब विचारल्यासारखे वाटते, म्हणून मी ‘तेव्हा मनात काय आले?’ असे विचारते, त्यांचेच म्हणणे त्यांना पुन्हा ऐकवते आणि शांततेलाही वेळ देते. परंतु ती शांतता विचारांची आहे की अवघडलेपणाची, हे मला ओळखता येत नाही. शिवाय गटातले दोघे रुग्ण एकाच चाळीतले आहेत, त्यामुळे इथले बोलणे बाहेर जाईल अशी भीती वाटते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्यास आम्ही बांधील आहोत, पण रुग्णांकडून परस्परांविषयी तशी हमी कोणत्या शब्दांत घ्यावी? आणि काकांना न दुखावता थांबवावे कसे? अनुभवी परिचारिकांनी कृपया आपली नेमकी वाक्ये सांगावीत.