बहिणीच्या सासूबाईंचं इटलीतलं मूळ गाव शोधायचंय, सुरुवात कुठून करू?

पाचवी_गल्ली (कोल्हापूर):
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा आडवळणाचा आहे म्हणून सविस्तर लिहितोय, कंटाळा आला तर सरळ शेवटच्या पॅराला उडी मारा.

माझी धाकटी बहीण शिकायला म्हणून बार्सिलोनाला गेली ती तिकडंच रमली आणि लग्न केलं अर्जेंटिनाच्या मुलाशी. दाजी रोसारिओचे, म्हणजे मेस्सीच्या गावचे, त्यामुळं लग्नात शिवाजी पेठेतल्या मावसभावांनी त्यांना सोडलंच नाही. सध्या दाजींच्या आई आमच्याकडं मुक्कामाला आल्यात. सत्तरी ओलांडलीय पण बाई महाद्वार रोडला एक शब्द मराठी येत नसताना घासाघीस करून बांगड्या घेऊन येतात. त्यांना भाजीभाकरी सगळं चालतं, आणि एकदा त्यांनीपण आम्हाला त्यांच्या घरचं करून घातलं, लसूण आणि खारवलेले बारके मासे तेलात मंद शिजवायचे आणि त्यात भाज्या बुडवून खायच्या, थंडीत घरोघरी करतात म्हणे. आमच्या आईनं त्यावर गुपचूप कांदा लसूण चटणी भुरभुरली ते वेगळं.

तर विषय असा की या सासूबाईंचे आजोबा, वडिलांचे वडील, इटलीतून अर्जेंटिनाला आले, साधारण १९०५ च्या आगेमागे. गाव विचारलं की घरात सगळे सांगतात जेनोवा. तिकडच्या भावाबिवाशी पत्रव्यवहार होता तो दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू बंद पडला, पत्रं कुणी जपली नाहीत. आजोबांचं नाव, आडनाव आणि एक जुना फोटो एवढंच आहे. मला या गोष्टींचा नाद आहे, आमच्या घराण्याची वंशावळ मी हेळव्याच्या, म्हणजे पिढ्यांची नावं सांगत गावोगाव फिरणाऱ्याच्या, तोंडून उतरवून घेतलीय, त्यामुळं बहिणीनं हे काम माझ्यावर ढकललंय. इथं कुणी इटलीत असेल किंवा असं शोधकाम केलं असेल तर सांगा, जेनोवाच्या ऑफिसला सरळ मेल टाकू का? आणि नातेवाईक अजून असतील तर ते सापडतील कसे?

नाद_फुटबॉल:
विषय हार्ड भावा. मेस्सीचे पूर्वजपण इटलीचेच, रेकानाती म्हणून गाव आहे तिथले, बघा सासूबाईंचं काय कनेक्शन निघतंय का, निघालं तर आख्खी पेठ तुमच्या दारात. बाकी मी ऐकलंय की बोटीतून उतरल्यावर सायबानं आडनावंच बदलून टाकली, न्यूयॉर्कला एलिस बेटावर तर सर्रास, मग आता कसं सापडणार?

तोरिनोची_पोर:
मी मूळची राजारामपुरीची, बरीच वर्षं उत्तर इटलीतल्या तोरिनोत आहे आणि नवऱ्याच्या मित्राच्या अर्जेंटिनाच्या पाहुण्यांसाठी हे सगळं केलंय म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे जेनोवाला मेल टाकू नका दादा. जेनोवा हे बंदर. उत्तर इटलीतली माणसं तिथून बोटीत बसली, त्यामुळं अर्जेंटिनातल्या अर्ध्या घरांत आजोबा जेनोवाचेच असतात. इटलीत देशभरात एका ठिकाणी नाव टाकलं आणि माणूस मिळाला असं नाही, जन्माची नोंद त्या त्या गावच्या नगरपालिकेत, त्याला इथं कोमूने म्हणतात. गाव कळलं तर काम होतं, गाव नाही तर नुसतं आडनाव घेऊन आयुष्यभर फिरा. म्हणून शोध इटलीतून नाही, रोसारिओतून सुरू करायचा.

आणि तुम्ही ते लसूण आणि मासे लिहिलंय ना, ते बान्या काउदा. ते आमच्या पियेमोंतेचं, म्हणजे तोरिनो ज्या भागात येतं तिथलं, जेनोवाचं नाही. अर्जेंटिनात सांता फे आणि कोर्दोबा प्रांतांत पियेमोंतेची माणसं शेतीसाठी इतकी गेली की तिकडं अजून बान्या काउदाच्या जत्रा भरतात, आणि सान फ्रान्सिस्को नावाच्या गावात पियेमोंतेच्या लोकांचं स्मारक आहे. रोसारिओ सांता फे प्रांतातच येतं. पुरावा नाही हा, शेजारणीकडून शिकलेली रेसिपीपण असू शकते, पण मी असते तर पैज लावली असती.

आता करायचं काय. फॅमिलीसर्च नावाची साइट आहे, फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. त्यावर सांता फेच्या चर्चची जुनी रजिस्टरं स्कॅन केलेली आहेत. आजोबांचं लग्न रोसारिओत झालं असेल तर ती नोंद शोधा, नवऱ्याचे आईबाप कोण आणि तो कुठला हे पाद्री लिहून ठेवायचा, कधी नुसतं इटली लिहून मोकळा व्हायचा, ते नशीब. अर्जेंटिनाची १८९५ ची जनगणनापण तिथं आहे पण तुमचे आजोबा नंतर आले आणि तसंही त्यात देश असतो, गाव नसतं. बोटींच्या याद्यांसाठी बुएनोस आयरेसच्या सेमला या संस्थेचा डेटाबेस आहे, त्यात वय, धंदा, बोटीचं नाव, बंदर मिळतं.

शोधताना नाव स्पॅनिशमध्येपण टाका. जुझेप्पेचा होसे होतो, जोव्हान्नीचा हुआन आणि जाकोमोचा चक्क सांतियागो. आडनाव ऐकू येईल तसं लिहिलेलं असतं. नाद_फुटबॉल, एलिस बेटाची ती गोष्ट सगळे सांगतात पण तिथले अधिकारी बोटीबरोबर आलेल्या यादीवरून नावं तपासायचे आणि ती यादी निघायच्या बंदरातच बनलेली असायची. नावं बदलली ती नंतर, शाळेत, कारखान्यात, किंवा लोकांनी स्वतःहून.

अजून एक, तोच माणूस दोन तीन बोटींवर सापडला तर गडबडू नका. इटलीतून लोक अर्जेंटिनाला गव्हाच्या कापणीला जायचे आणि हंगाम संपला की परत यायचे, तिकडं त्यांना पाकोळ्या म्हणायचे, आपल्याकडं बीडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात तसंच, फक्त मधे अटलांटिक. मग एखाद्या वर्षी माणूस परतायचाच नाही.

फोटोच्या खाली किंवा मागं काही छापलंय का ते बघा. जुने फोटो जाड पुठ्ठ्यावर असायचे आणि स्टुडिओवाला स्वतःचं नाव गाव छापायचा.

पाचवी_गल्ली:
ताई काय सांगू, फोटो आत्ता कपाटातून काढला. खाली सोनेरी अक्षरात फोटोग्राफरचं नाव आणि सालुत्सो असं छापलंय! घरात इतकी वर्षं सगळ्यांना वाटायचं सालुत्सो हे फोटोवाल्याचं आडनाव. सासूबाईंनी ते वाचून दोनदा छातीवर क्रॉस केला आणि लगेच रोसारिओला त्यांच्या स्वतःच्या बहिणीला फोन, तिकडं पहाटेचे चार वाजले होते.

तोरिनोची_पोर:
बघा! सालुत्सो कुनेओ प्रांतात, मॉन्विसो डोंगराच्या पायथ्याकडचं बाजाराचं गाव. पण लगेच तेच गाव धरू नका, फोटो काढायला आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं तिथं यायची. तरी आख्ख्या इटलीवरून एका तालुक्याएवढ्या भागावर आलात की.

पियेमोंतेत १८६६ पासूनची नगरपालिकेची रजिस्टरं आहेत, त्याच्या आधी चर्चची. प्रत्येक रजिस्टरच्या दोन प्रती व्हायच्या, एक गावात आणि एक कोर्टाकडं, ती पुढं सरकारी अभिलेखागारात, म्हणजे एक जळली भिजली तरी दुसरी असते. अंतेनाती म्हणून सरकारी पोर्टल आहे, त्यावर यातलं बरंच फुकट बघता येतं, सगळे प्रांत सारखे भरलेले नाहीत. आणि पुरुष असेल तर सैन्यभरतीच्या याद्या सोडू नका. त्या वर्षी जन्मलेला प्रत्येक मुलगा त्यात असतो, बाप आई गाव धंदा सगळं, आणि जो हजर झाला नाही त्याच्यापुढं अमेरिकेत आहे असा शेरासुद्धा मारलेला सापडतो. इथं अमेरिका म्हणजे अर्जेंटिनापण.

बायकांचं एक बरं आहे, कागदावर शेवटपर्यंत माहेरचंच नाव, त्यामुळं आजीच्या बाजूनंपण जाता येतं. आणि थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होती, सासूबाईंना विचारा त्यांच्या थोरल्या काकांचं नाव काय, बहुतेक इटलीतल्या पणजोबांचं तेच निघेल.

सरळ_बोलतो:
हे सगळं पासपोर्टसाठी असेल तर आधीच सांगतो, मार्च २०२५ मध्ये इटलीनं नियम आवळलेत. आधी कितीही पिढ्या मागं जाऊन नागरिकत्व मागता यायचं, आता आईवडील किंवा आजीआजोबा यांच्यापर्यंतच, त्यातपण अटी. तुमच्या दाजींचे ते पणजोबा होतात. उगाच एजंटाला पैसे देऊ नका.

पाचवी_गल्ली:
पासपोर्टचा विषयच नाही हो, दाजींकडं स्पेनचे कागद आहेत. सासूबाईंना फक्त कुणीतरी भेटावं असं वाटतंय.

आबा_गडहिंग्लज:
चांगलं काम करायलायसा. आमच्या तरुणपणी कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडची म्हातारी माणसं यायची बघायला, तिथं १९४३ ते ४८ त्यांची निर्वासितांची छावणी हुती, पाचेक हजार माणसं, बायका पोरंच जास्त, आता तिथं गांधीनगर झालंय. ती माणसं यायची, एखादी भिंत न्हाईतर झाड हुडकायची, आणि गावातली बी सगळी त्यांच्यामागनं. कुणाला कसला त्रास न्हवता कारण त्यांचं हितं काय नावावरच न्हवतं. तुमचं तसं न्हाई. तुम्ही भाऊबंद म्हणून जाणार. आमच्यात मुंबईला गेलेला चुलता साठ वर्षांनी गावात आला तर पहिल्यांदा चहा दिला आणि दुसऱ्या मिनटाला सातबाऱ्याचं काढलं, बिचारा नुसता जत्रंला आलावता. तवा पहिल्या पत्रात घर, शेत, वाटा हे शब्दच नकोत. आणि अचानक दारात जाऊन हुबं राहू नका.

तोरिनोची_पोर:
आबा शंभर टक्के बरोबर. इथंपण जुनी घरं चाळीस चाळीस वारसांच्या नावावर पडून आहेत, निम्मे वारस परदेशात, त्यामुळं अनोळखी आडनावबंधू दिसला की लोक दचकतात.

पाचवी_गल्ली:
अपडेट देतो, मधे गायब होतो कारण दिवाळी.

रोसारिओचं लग्नाचं रजिस्टर सापडलं. गावाचं नाव पाद्र्यानं असं काही लिहिलंय की मी आणि बहीण व्हिडिओ कॉलवर रात्ररात्र भांडलो, शेवटी सालुत्सोच्या आसपासच्या गावांची यादी समोर ठेवून एकेक जुळवून बघितलं तेव्हा बसलं. गाव छोटं आहे, इथं नाव टाकत नाही. त्यांच्या नगरपालिकेला ताईंनी सांगितल्याप्रमाणं इटालियनमध्ये चार ओळींचा मेल टाकला, जन्मसाल आणि आईबापाची नावं देऊन. उत्तर यायला वेळ लागला पण जन्माचा उतारा आला. थोरल्या काकांचं नाव आणि पणजोबांचं नाव एकच, ताई तुम्ही पैज दोन्हीकडं जिंकलात.

मग बहिणीनं त्या गावच्या फेसबुक ग्रुपवर फोटो टाकला. तिथं जवळपास प्रत्येक गावाचा तुम्ही अमक्या गावचे असाल तर असा ग्रुप असतोय. दोन दिवसांत एका बाईंचा मेसेज, त्यांचे पणजोबा आणि हे आजोबा सख्खे भाऊ, मागं राहिलेला तो हाच. सासूबाई स्पॅनिशमध्ये आणि त्या इटालियनमध्ये, तरी तासभर बोलल्या, आणि मधेच सासूबाईंना लहानपणी ऐकलेली पियेमोंतेची एक शिवी आठवली ती त्यांनी हाणली, तिकडं सगळं घर हसायला लागलं.

पण आबा, तुमचं बोलणं खरं ठरलं. दुसऱ्या कॉलला त्या बाईंच्या भावानं विचारलंच, वरच्या वाडीतल्या जुन्या घराचं तुमचं म्हणणं काय आहे. आम्ही विषय काढला नव्हता. सासूबाई नाराज झाल्या, म्हणतात आता जायलाच नको. ताई काय करू?

आबा_गडहिंग्लज:
त्येनं इचारलं ते बरं झालं की. मनात ठेवून जेवायला घातलं असतं तर ते वाईट. रुसायचं काय त्यात.

तोरिनोची_पोर:
मलापण तसंच वाटतं. सासूबाईंना सांगा, तो माणूस वाईट नाही, घाबरलाय. इथल्या कायद्यात वारसा स्वीकारायचा हक्क १० वर्षांत संपतो, आणि कुणी २० वर्षं उघडपणे घर वापरत असेल तर कोर्टातून मालकी मिळवू शकतो. १९०५ ला गेलेल्या माणसाच्या नातीचा त्या घरात काही वाटा शिल्लक असेल हे मला अवघड दिसतं, पण त्याला ते माहीत नसणार.

सासूबाईंच्या स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून घ्या, स्पॅनिशमध्येच चालेल, त्यांना कळतं. घर नको, जेवायला येते, चर्चमधे आजोबांचा बाप्तिस्मा जिथं झाला ती जागा दाखवा, एवढंच. चिठ्ठीचा फोटो काढून त्या बाईंना पाठवा, भावाला नको, घरात बोलणं बाईच नीट करते. मात्र कुणी प्रेमानं कागद पुढं केला की यावर नुसती सही करा, तर तिथल्या तिथं करायची नाही, नोटरीकडून वाचून घ्यायचा, नातं आपल्या जागी आणि सही आपल्या जागी.

भेट ऑगस्टच्या मध्यात ठरवू नका, इथल्या १५ ऑगस्टच्या सुट्टीत नगरपालिकेचं ऑफिस बंद मिळेल, सप्टेंबर बरा. आणि एवढ्या लांब आलात तर परतताना फ्लॉरेन्सला उतरा. आपल्या कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये तिथंच वारले, आर्नो नदीकाठी कॅशीने बागेत त्यांची छत्री आहे, शेजारच्या पुलाचं नावपण त्यांच्यावरूनच पडलंय. सासूबाईंना सांगा, तुमचं गाव बघून झालं, आता आमचं माणूस बघायला चला.

नाद_फुटबॉल:
आणि जाताना त्या भावाला एक डबा कांदा लसूण चटणी द्या. घराचा विषय परत काढायचा नाही गडी.

पाचवी_गल्ली:
चिठ्ठी लिहून घेतली, चार ओळी म्हटलं तर तीन पानं झाली. बहिणीला पाठवलीय, ती आज टाकतेय. सप्टेंबरची तिकिटं बघायला लागलोय, तोरिनोहून सालुत्सोला ट्रेन आहे का बस, ते तेवढं सांगा ताई.

तोरिनोची_पोर:
आधी आमच्याकडं उतरा, गाडीनं सोडते. सामानात भडंग आणा.