अनुभव धागा : इबादत कुणासाठी?

रमजान लागला की आपल्याकडे रोज्यांबरोबर स्टेटसही सुरू होतात. इफ्तारच्या दस्तरखानाचे फोटो, उमऱ्याला (मक्केच्या यात्रेला) गेलेल्यांचे काबासमोरचे व्हिडिओ, फळवाटपाचे बॅनर. लोकांनी पाहावं म्हणून केलेली इबादत (उपासना) म्हणजे रिया, आणि हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) तिला छोटा शिर्क म्हटलंय, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवणं. पण दुसऱ्यांची नियत तपासायला हा धागा नाही. मराठवाड्यात तुम्ही जे पाहिलं, अनुभवलं ते लिहा. माणसांची नावं नकोत. वाद चालेल, फतवा नको.

लातूरहून
२०१६ साल. मिरजेहून पाण्याची रेल्वे एप्रिलमध्ये सुरू झाली, रमजान जूनमध्ये लागला. मस्जिदीचा हौद कोरडा, वजू (नमाजआधी हातपाय धुणं) घरूनच करून यायचं. आमच्या गल्लीत एका पुढाऱ्यानं टँकर आणला. समोर बॅनर, बॅनरवर हात जोडलेला फोटो, आणि फोटोवाला येईपर्यंत नळी काही सोडली नाही. बायका घागरी घेऊन उन्हात उभ्या. त्याच गल्लीत एका म्हाताऱ्या खालाच्या बोअरला थोडंफार पाणी होतं. त्यांनी पाइप भिंतीवरून बाहेर सोडून ठेवलेला. फजरच्या (पहाटेच्या नमाजच्या) आधी मोटार चालू करायच्या. कोण भरतंय, किती भरतंय, बघायला कधी दारात आल्या नाहीत. कुराणातली सूरह माऊन (सूरह म्हणजे अध्याय) छोटी, म्हणून आम्हा सगळ्यांना पाठ. नमाजचा दिखावा करणारे आणि रोजच्या वापरातली साधी वस्तू शेजाऱ्याला नाकारणारे, तिथं एकच लोक आहेत. टँकरचं पाणीही आम्ही प्यायलोच, तेही सांगायला हवं.

नांदेडहून, गृहिणी
आम्हा बायकांची तरावीह (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) घरातच, भांडी आवरल्यावर. पाहणारं कुणी नाही, तेव्हा रिया हा पुरुषांचा आजार, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. मग दुपारी फोन येतो, "तुमचा कितवा पारा चाललाय?" कुराणाचे तीस पारे म्हणजे भाग, आणि धाकटीचे दोन खतम (अख्खं कुराण दोनदा वाचून) झालेले, थोरलीचा तिसरा सुरू. मी हल्ली "चालू आहे" एवढंच सांगते. त्यावरून मी फार मागे पडलेय असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. राहू दे.

बीडहून, मस्जिदीच्या हिशेबाचं काम बघतो
जुम्याला (शुक्रवारच्या नमाजला) चंद्याची नावं माइकवरून वाचतो म्हणून आम्हाला खूप बोलणी बसतात. एकदा स्लॅबच्या वेळी नावं वाचायची नाहीत असं ठरवलं, तर सळईचे पैसेही जमेनात. कुराणात दोन्हीची सोय आहे : उघड सदका (दान) दिलात तर चांगलं, लपवून गरिबाला दिलात तर जास्त चांगलं. बांधकामाला उघड बरं, कारण एकाचं ऐकून दुसरा खिशात हात घालतो. विधवेच्या घरी पोचवायच्या जकातीची (धर्मानं बंधनकारक दानाची) यादी मात्र मी कमिटीलाही दाखवत नाही. काही जण पावतीवर "खुदा का बंदा लिखो" म्हणतात. त्यातल्या एकानं नंतर चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं की तो बंदा मीच.

खुलताबादहून, हाफिज (अख्खं कुराण पाठ असलेला)
तरावीह पढवायला उभा राहिलो की मागं मोबाइल सुरू होतात. आवाज चांगला आहे असं लोक म्हणतात, आणि ते कानावर पडलं की पुढच्या रकातीत (नमाजच्या फेरीत) आयत (कुराणातली ओळ) लांबवावीशी वाटते. खोटं कशाला बोलू. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातल्या एका हदीसमध्ये कयामतला सगळ्यांत आधी निवाडा होऊन आगीत टाकले जाणारे तिघं आहेत : शहीद, आलिम-कारी (धर्माचा जाणकार, कुराण पढणारा) आणि दानशूर. तिघांचीही कामं मोठी, पण ती लोकांनी वाहवा करावी म्हणून केलेली. ही हदीस ऐकून मी उस्तादांना म्हणालो, यंदा दुसऱ्याला उभं करा. त्यांनी जुन्या काळचे संत फुजैल बिन इयाज यांचं म्हणणं ऐकवलं : लोकांसाठी अमल (चांगलं काम) सोडणं ही रिया, लोकांसाठी अमल करणं हा शिर्क, आणि अल्लाहनं या दोन्हींतून वाचवणं म्हणजे इख्लास (निखळ नियत). वर म्हणाले, "भागून जाशील तरी लोकांचाच विचार करशील." तेव्हापासून उभा राहतो. आयत लांबवावीशी अजूनही वाटते, तेवढी आवरतो. व्हिडिओ काढू नका असं सांगून पाहिलं, तर "हाफिजसाब किती साधे" म्हणून त्याचंच कौतुक सुरू झालं!

जालन्याहून
मी मुसलमान नाही, चालेल ना? आमच्या घराच्या बांधकामावर एक गवंडी होते. मे महिन्यात रमजान होता. आई रोज सगळ्यांना चहा द्यायची. ते कप घ्यायचे आणि वळून बिगाऱ्याला द्यायचे. त्यांचा रोजा आहे हे आईला ईद झाल्यावर कळलं. ती अजून चिडते, आधी सांगायला काय झालं होतं म्हणून.

परभणीहून
बीडच्या भाऊंशी बराचसा सहमत. फक्त पंख्यांचं बोला. आमच्या मस्जिदीत प्रत्येक पंख्याच्या पात्यावर नाव रंगवलेलं आहे. नवीन इमामसाहेब म्हणाले, ही नावं पुसा. निम्मी देणाऱ्यांची होती, ती पुसायला कुणाची ना नाही. उरलेली मेलेल्यांची, इसाले-सवाबसाठी (त्यांना पुण्य पोचावं म्हणून). माझ्या अम्मीचं नाव तिसऱ्या पंख्यावर आहे. वाचलं की कुणीतरी तिच्यासाठी दुवा करेल, एवढीच नियत होती. पण खाली उभा राहिलो की मीच आधी वर बघतो. इमामसाहेब म्हणतात दुवेला रंग लागत नाही. मी अजून पुसू दिलेलं नाही. बीडकर, तुमच्या कमिटीनं काय केलं असतं?