मुलीची सीट आता पुढे वळवू का? मोठ्याचा बूस्टर काढू का?

दोघांची_आई

नमस्कार. मुलगी सव्वा वर्षाची आहे, वजन साडेनऊ किलो, उंची 77 सेंमी. गाडीतली तिची लहान मुलांची सीट मागच्या बाजूला तोंड करून लावलेली आहे. आता तिचे पाय गाडीच्या सीटला टेकतात, गुडघे दुमडून बसावं लागतं. घरात सगळे म्हणतात, किती अवघडून बसलीय, वळव की पुढे. सासूबाई म्हणतात, लांबच्या प्रवासात मी मांडीवर घट्ट धरून बसते, रडणार तरी नाही.

मुलगा साडेसहा वर्षांचा, 118 सेंमी. त्याला बूस्टर (गाडीच्या सीटवर ठेवायची उंच बैठक) नकोच झालाय, मित्र नुसता सीटबेल्ट लावून बसतात म्हणून. बेल्ट मानेला घासतो, मग तो काखेखालून घेतो. चालेल का असं?

आणि सीट आयसोफिक्सने (म्हणजे गाडीतल्या ठरलेल्या कड्यांत अडकवून) लावावी की गाडीच्या बेल्टने? दोन्ही एकदम लावलं तर जास्त पक्कं बसेल ना?

मधली_सीट

पायांची काळजी सोडा. आमची लेक मागे तोंड करून तीन वर्षांपर्यंत बसली, मांडी घालून, कधी पाय वर टेकवून. अवघडलेपण आपल्याला दिसतं, पोरांना जाणवत नाही. बाकीचं जाणकार सांगतील.

वॉर्डातली_नर्स

ताई, मी लहान मुलांच्या इमर्जन्सी वॉर्डात नर्स आहे. सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीच्या लोकांच्या सीटही तपासून देते. तुमच्या प्रश्नांना सविस्तर उत्तर देते, कारण तिन्हींचं मूळ एकच आहे: जोराचा धक्का शरीराच्या कुठल्या भागाने झेलायचा. तो हाडांवर यायला हवा. पोट आणि मान त्यासाठी नाहीत.

आधी मांडीचं. सासूबाईंची माया खरी आहे, पण हे हातांच्या ताकदीपलीकडचं आहे. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. समोरून धडक बसली आणि गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 20 पट ओढ येते. तुमची साडेनऊ किलोची मुलगी त्या वेळी हातांना 190 किलोंची वाटेल, आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत होतं. धरायचं हे मनात येईपर्यंत ती हातातून गेलेली असते. एकच बेल्ट दोघींभोवती लावणं तर आणखी वाईट. मोठ्या माणसाचं सगळं वजन त्या बाळावर येतं.

आता मागे तोंड. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, उंचीचा जवळपास चौथा हिस्सा तेवढ्यात जातो. मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, काही भाग कूर्चेचाच असतो, आणि ते धरून ठेवणारे बंध सैल असतात. तोंड पुढे असेल तर खांदे पट्ट्यांनी जागेवर राहतात आणि डोकं मानेला ताणत पुढे जातं. तोंड मागे असेल तर डोकं, मान आणि पाठ एकत्र सीटच्या कवचात दाबली जातात, धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. मुलांच्या सीटसाठीच्या युरोपातल्या आर129 नियमानुसार 15 महिन्यांच्या आत मूल पुढे वळवायचंच नाही. ती किमान मर्यादा आहे. मी म्हणेन, सीटच्या पुस्तिकेत मागे तोंड करून बसवायची जी कमाल उंची आणि वजन दिलंय, तिथपर्यंत वळवू नका. पाय टेकले म्हणून सीट लहान झाली असं होत नाही. डोकं कवचाच्या वरच्या कडेला येऊन भिडत असेल तर झाली. (ही सीट पुढे चालू एअरबॅग असलेल्या जागी कधीही लावायची नाही. एअरबॅग थेट कवचावर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.)

मुलाचं मला जास्त टोचतंय. काखेखालून बेल्ट घेतला की धक्का बरगड्यांवर येतो, आणि त्यांच्या आड यकृत आणि प्लीहा आहे. वरचं शरीर मोकळं राहतं ते वेगळंच. बूस्टर काढला तर कमरेचा पट्टा पोटावर चढतो, कारण या वयात कंबरेच्या हाडाची पुढची कड पट्टा अडवून धरण्याइतकी उठावदार झालेली नसते. मूल पट्ट्याखालून घसरतं आणि पट्टा पोटात रुततो. पोटावर बेल्टचा आडवा वळ घेऊन एखादं मूल आलं की आमचे डॉक्टर लगेच आतडी आणि पाठीचा कणा तपासतात. बाहेरून दिसतो तेवढा एक वळ, आत बरंच काही फाटलेलं असू शकतं.

बूस्टर मुलाला वर उचलतो, त्यामुळे खांद्याचा पट्टा मानेऐवजी खांद्याच्या मध्यावर येतो आणि कमरेचा मांड्यांवर. तुमच्या मुलाला पाठीचा बूस्टर द्या, त्यात पट्टा ओवायची खाच असते, म्हणजे मानेला घासणं थांबेल. साधारण 145 सेंमी उंची होईपर्यंत तो लागतो. वयावर जाऊ नका, गाडीत बसवूनच बघा: पाठ पूर्ण टेकून गुडघे सीटच्या कडेशी वाकतात का, दोन्ही पट्टे जागेवर येतात का, आणि झोप लागल्यावरही तसेच राहतात का. शेवटचीच गोष्ट बहुतेकांची चुकते.

आयसोफिक्स आणि बेल्ट, दोन्ही नीट लावले तर सारखेच सुरक्षित. आयसोफिक्समध्ये चूक व्हायची शक्यता कमी, एवढाच फरक. दोन्ही एकदम लावू नका, पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असेल तरच. सीटची चाचणी ठरावीक मार्गाने ताण येईल असं धरून झालेली असते. सीट लावल्यावर पट्टा किंवा कड्या जिथून जातात तिथे धरून हलवा. इंचभराहून जास्त हलता कामा नये. मुलीचे खांद्याचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीला किंवा जरा खाली असावेत, पुढे वळवाल तेव्हा पातळीला किंवा जरा वर. आवळल्यावर गळ्याच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून पाहा. चिमटीत आला तर सैल आहे. जाड जॅकेट आधी काढा, पट्टे आवळा, मग वरून पांघरूण घाला.

मागच्या_रांगेतून

बेल्ट खाली ओढून धरणारी छोटी क्लिप मिळते. ती लावली की मानेला घासत नाही. मग बूस्टरची गरज काय?

वॉर्डातली_नर्स

कृपा करून ती लावू नका. क्लिप खांद्याचा पट्टा खाली ओढते, पण त्याच ओढीने कमरेचा पट्टा वर पोटावर आणते. शिवाय पट्ट्यात ढील राहते.

तीन ठिकाणी बांधलेला आजचा बेल्ट निल्स बोहलिन या इंजिनिअरने व्होल्व्होसाठी 1959 मध्ये आणला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचे, म्हणजे शरीर किती धक्का सोसतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. दोन पट्टे कमरेशी खाली, बाजूला एकत्र यावेत, म्हणजे ताण ओटीपोटाच्या हाडावर आणि छातीवर जातो, ही त्यांच्या रचनेतली कळीची गोष्ट. कंपनीने ते पेटंट इतर गाड्या बनवणाऱ्यांनाही वापरू दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. ती क्लिप नेमकी हीच रचना बिघडवते.

दोघांची_आई

ताई, मनापासून आभार. मुलीला वळवणार नाही, मुलासाठी पाठीचा बूस्टर घेतेय. सासूबाईंना 190 किलोचा हिशोब सांगितला, त्या गप्प झाल्या आणि म्हणाल्या, मग मी तिच्या शेजारी बसते. त्यांनी मागे बेल्ट लावायलाच हवा का?

अजून एक. मुलीच्या सीटला खाली फरशीवर टेकणारा आधाराचा पाय आहे. तो टेकतो तिथे गाडीच्या तळात सामानाचा खण आहे, झाकणावर ठोकलं की पोकळ वाजतं.

वॉर्डातली_नर्स

हो, आजींनी लावायलाच हवा. मागचा मोकळा माणूस धडकेत पुढच्यावर किंवा शेजारच्या मुलावर आदळतो. जाडजूड उशीला टेकून बसत असतील तर ती काढा, नाहीतर पट्टा ढिला राहतो.

खणाचं विचारलंत ते फार बरं झालं. त्या झाकणावर पाय टेकवू नका, धक्क्याने झाकण खचतं आणि सीट पुढे झुकते. काही गाड्यांमध्ये तो खण भरायला वेगळा ठोकळा मिळतो. गाडीच्या पुस्तिकेत बघा, कंपनीलाही विचारा. तोपर्यंत सीट अशा जागी हलवा जिथे खाली खण नाही. तशी जागा नसेल आणि तुमच्या सीटला परवानगी असेल, तर आधाराच्या पायाशिवाय गाडीच्या बेल्टने लावता येते का ते सीटच्या पुस्तिकेत तपासा. कपड्याची घडी किंवा पुस्तकं भरून खण बुजवू नका, ती दबतात.