गोल्फमध्ये नवव्या होलनंतरचा चहा किती मिनिटांचा असावा?

सकाळचा_गट (मूळ लेखन)

एप्रिलमधल्या एका रविवारी आमचा फोरबॉल (चौघांचा गट) सकाळी ६.२४ ला पहिल्या टीवरून, म्हणजे होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेवरून, निघाला आणि अठरापैकी नऊ होल संपवून साडेआठच्या सुमारास हाफवे हटवर, म्हणजे मधल्या खाण्यापिण्याच्या जागी, पोहोचला. आमच्या आठ मिनिटे पुढचा गट तिथे आधीपासून बसलेला होता. त्यांचे ऑम्लेट अजून यायचे होते, एक सदस्य फोनवर बोलत होते, आणि चौघांच्याही बॅगा दहाव्या टीच्या कडेला ओळीने उभ्या करून ठेवलेल्या होत्या. म्हणजे माणसे टेबलाशी आणि नंबर बॅगांनी राखलेला. आम्ही उभ्या उभ्या लिंबू सरबत घेतले आणि आठ मिनिटांत टीवर गेलो. बॅगा ओलांडून पुढे जायला बॅगा वाहणारे आमचे कॅडी तयार नव्हते, कारण उद्या त्याच सदस्यांच्या बॅगा त्यांना उचलायच्या असतात. पुढचा गट अखेर आला तेव्हा त्यांच्या थांब्याला सत्तावीस मिनिटे झाली होती आणि आमच्या मागे आणखी एक गट येऊन उभा राहिला होता. "आमचा नंबर आधीचा आहे," एवढे बोलून त्यांनी खेळ सुरू केला.

उरलेल्या नऊ होलना आम्हाला दोन तास चाळीस मिनिटे लागली. पुण्याच्या एप्रिलमध्ये साडेअकराचे ऊन काय असते ते इथल्या वाचकांना सांगायला नको, पण तक्रार उन्हाची नाही. मैदान सर्वांचे आहे आणि मधल्या विश्रांतीत घालवलेला वेळ मागच्या प्रत्येक गटाच्या खात्यातून जातो, हे ज्येष्ठ सदस्यही विसरतात याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझे म्हणणे सरळ आहे. नवव्या ग्रीनवर (होलच्या शेवटी भोकाभोवतीच्या हिरवळीवर) भोकातला झेंडा परत लावला, की तिथून दहा मिनिटे मोजावीत. अकराव्या मिनिटाला जो गट दहाव्या टीवर नसेल त्याचा नंबर जावा, मागच्या गटाने निःसंकोच पुढे जावे, आणि उशिरा आलेल्यांना स्टार्टर (गट सोडणारा माणूस) देईल त्या मोकळ्या जागेत सोडावे. बॅगेने नंबर राखण्याची पद्धत तर तत्काळ बंद व्हायला हवी.

उत्तरार्ध

आपला त्रास खरा आहे, पण उपाय मला अन्यायाचा वाटतो. माझे वय अडुसष्ट आहे आणि गेली बारा वर्षे मी इन्शुलिन घेतो. पहाटे पाचला घरून निघालेल्या माझ्यासारख्या माणसाला साडेआठला काही खाणे ही चैन नसते. आमच्या हटवर एकच शेगडी आणि एकच आचारी आहे. चार ऑम्लेट मागितली तर शेवटचे ताटात पडेपर्यंत बारा मिनिटे सहज जातात. म्हणजे आपली दहा मिनिटे स्वयंपाकघरातच संपली, आणि शिक्षा मात्र खेळणाऱ्याला.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बॅग कॅडीच्या खांद्यावर असते. नऊ होल ती वाहिलेला माणूस हटवर आल्यावर आधी क्लब (खेळायच्या काठ्या) पुसतो, चेंडू धुतो, टॉवेल ओला करून आणतो आणि मग हटच्या मागच्या बाजूला स्टीलच्या पेल्यातला चहा घेतो. मी परवा मुद्दाम पाहिले: माझ्या कॅडीने पेला हातात घेतला तेव्हा आम्हाला येऊन नऊ मिनिटे झाली होती. गरम चहा त्याने दोन घोटांत संपवला, कारण आमच्यातला एक जण टीकडे निघाला होता. दहा मिनिटांचा नियम काटेकोर पाळला तर विश्रांती खेळाडूला मिळेल, आणि ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे त्याला मिळणार नाही. माझ्या मते वीस मिनिटे द्यावीत आणि दोन गटांमधले टी-टाइमचे (पहिल्या टीवरून सुटण्याच्या वेळांचे) अंतर वाढवावे.

खेळपंच

मूळ लेखनात नियमांचा उल्लेख नाही, म्हणून तेवढाच तपशील देतो. २०१९ मध्ये गोल्फचे नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हा हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली आणि अडथळा नसेल तर फटका चाळीस सेकंदांत मारावा अशी शिफारस आली. विनाकारण खेळ लांबवण्याबद्दलचा नियम ५.६ अ हा आहे. त्याच्या अधिकृत स्पष्टीकरणात क्लबहाउस किंवा हाफवे हाउसपाशी थांबून झटपट खाणेपिणे घेणे हा वाजवी विलंब मानला आहे. "झटपट" म्हणजे किती मिनिटे, हे तिथे दिलेले नाही. तेव्हा दहा मिनिटे हा नियम नाही आणि वीस मिनिटे हा हक्क नाही. आकडा ठरवणे हे स्पर्धा समितीचे काम आहे, आणि खेळाच्या गतीचे धोरण लिहून जाहीर करण्याचा अधिकार तिला नियम ५.६ ब ने दिलेला आहे.

स्पर्धेत विलंब अवाजवी ठरला तर पहिल्या वेळी एक दंड-फटका, दुसऱ्या वेळी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन दंड-फटके किंवा मॅच प्लेमध्ये (होलागणिक हार-जीत ठरण्याच्या प्रकारात) तो होल गमावणे, आणि तिसऱ्या वेळी बाद. विलंब दोन होलच्या मधल्या काळात झाला असेल तर दंड पुढच्या होलला लागतो, म्हणजे हटवर रेंगाळणाऱ्याचा दंड दहाव्या होलवर लिहिला जाईल. चहा झाल्यावर सरावाच्या ग्रीनवर पट (चेंडू भोकाकडे घरंगळवण्याचा हलका फटका) मारणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की दोन होलच्या मध्ये तिथे सराव चालतो खरा, पण त्याने खेळ खोळंबता कामा नये.

नऊ_अधिक_नऊ

मला वाटते इथे दोन्ही बाजू चुकीच्या जागी बोट ठेवत आहेत. मी कारखान्यात उत्पादनाचे नियोजन करतो, त्यामुळे हे गणित माझ्या रोजच्या ओळखीचे आहे. सगळे गट सारखीच दहा मिनिटे थांबले काय किंवा सारखीच वीस मिनिटे थांबले काय, गटांमधले अंतर तेच राहते. प्रत्येकाचा एकूण वेळ तेवढा वाढतो, पण रांग त्यामुळे लागत नाही. रांग लागते ती सर्वांत चिंचोळ्या जागी, आणि बहुतेक मैदानांवर ती जागा लांबचा पार-तीन (तीन फटक्यांत संपवणे अपेक्षित असलेला) होल असते. तिथे फोरबॉलला पहिल्या फटक्यापासून झेंडा परत लावेपर्यंत अकरा मिनिटे लागत असतील आणि आपण दर आठ मिनिटांनी गट सोडत असू, तर प्रत्येक गट त्याच्या आधीच्या गटापेक्षा तीन मिनिटे जास्त ताटकळतो. दहाव्या गटापर्यंत ही वाट सत्तावीस मिनिटांची होते. मूळ लेखकाला हटवर सत्तावीस मिनिटे दिसली, म्हणून राग हटवर निघाला.

यावर जुना आणि साधा उपाय आहे. ग्रीनवर पोहोचलेल्या गटाने चेंडूंच्या जागी खुणा ठेवून बाजूला व्हावे आणि टीवरच्या गटाला हात करून मारू द्यावे. तो गट चालत ग्रीनपर्यंत येतो तोवर पहिल्यांचे पटिंग आटोपते. सोबत टी-टाइमचे अंतर दहा मिनिटे करावे. समिती तसे करत नाही, कारण रविवारचे दोन-तीन गट कमी होतात. सदस्यांचा चहा मोजण्यापेक्षा ते अवघड आहे.

चिबाहून

मी टोकियोजवळ राहते. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी नऊ होलनंतर क्लबहाउसमध्ये बसून जेवायचे असते आणि ती सुट्टी तासाभराची असू शकते. तरीही गोंधळ होत नाही, कारण नववा होल संपवून आत येताच उरलेल्या नऊ होलची वेळ हातात मिळते. १०.५२ सांगितले असेल तर १०.५२ लाच टीवर उभे राहायचे. आमच्या भारतीय मंडळींना पहिल्या वर्षी ही एवढी लांब सुट्टी फार जड गेली, शरीर थंड पडते आणि दहाव्या होलवरचा पहिला फटका हमखास बिघडतो. पण कोणाचा नंबर कोणाआधी, यावरून वाद झालेला मी तिथे पाहिलेला नाही.

सकाळचा_गट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. "उत्तरार्ध" यांनी कॅडीच्या चहाबद्दल लिहिले ते वाचून मी अस्वस्थ झालो, कारण इतकी वर्षे खेळूनही मी हटच्या मागच्या बाजूला कधी गेलो नव्हतो. तेवढ्यापुरते माझे म्हणणे बदलतो: दहाऐवजी पंधरा मिनिटे असावीत, आणि हटवर आल्याबरोबर पहिला चहा कॅडींना मिळावा, क्लब नंतर पुसले तरी चालतील. ऑम्लेटची ऑर्डर आठव्या टीवरून फोनने देता येते. ती सोय झाली, तर शेगडी एकच असली तरी ताट वेळेवर येईल.

"नऊ अधिक नऊ" यांचे पार-तीनचे गणित मला पटले, पण त्यांचे सगळे उत्तर "सारखीच" या एका शब्दावर उभे आहे. आमच्या पुढचा गट सत्तावीस मिनिटे थांबला आणि आम्ही आठ, म्हणून ती रांग लागली. दहाव्या टीवर आम्ही उभे होतो तेव्हा पुढचा फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा गवताचा पट्टा) पूर्ण मोकळा होता, तिथे कोणताही पार-तीन आडवा आलेला नव्हता. चिबाच्या उदाहरणातूनही हेच दिसते, की सुट्टी तासाची असली तरी चालते, फक्त ती संपण्याची वेळ खेळणाऱ्याने स्वतः ठरवायची नसते.

उत्तरार्ध

पंधरा मिनिटे मला मान्य आहेत आणि बॅगेने नंबर राखू नये हेही मान्य आहे. मी स्वतः तसे केलेले आहे आणि यापुढे करणार नाही. नंबर जाण्याच्या अटीला मात्र माझा विरोध कायम आहे. साखर तपासून इंजेक्शन घ्यायला मला साधारण चार मिनिटे लागतात आणि ती मी टेबलाशी सर्वांसमोर घेत नाही. ही चार मिनिटे पंधरात धरायची की वेगळी, हे समितीने धोरणात लिहून द्यावे. ते स्टार्टरच्या मर्जीवर सोडू नये, कारण त्या टीवर उभे राहून मला दर रविवारी माझा आजार समजावून सांगायचा नाही.