प्रतिसाद: नियम आहेत, आणि कडक आहेत
"हिरवळ दिसेल तिकडे गुरं घालायची, ना हद्द ना नियम" हे भटक्या गुराख्यांचं वर्णन इथे वर कुणीतरी केलंय; ते निदान पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, मासिना भागात गुरं पाळणाऱ्या फुलानी लोकांना लागू पडत नाही. तिथे नायजर नदीचा पूर ओसरला की बुर्गू गवताची कुरणं मोकळी होतात आणि कुणाचा कळप आधी शिरणार याचा क्रम ठरलेला असतो. ही घडी एकोणिसाव्या शतकात मासिनाचा राज्यकर्ता सेकू अमादू याच्या राजवटीत बसली. कुरणांचा कारभार जोरो या वंशपरंपरागत कारभाऱ्याकडे. (बाहेरच्या कळपांकडून तो चराईचे पैसे घेतो, त्यावरून तंटेही होतात. सगळं काही गोडीगुलाबीने चालतं असं नाही.)

पावसाळ्यात साहेलच्या, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या, कोरड्या पट्ट्यात गेलेली गुरं परतताना दियाफाराबे गावापाशी नदी पोहून येतात. गुरांबरोबर गेलेली पोरं कित्येक महिन्यांनी घरी येणार म्हणून काठावर नटूनथटून गर्दी, गाणी, आणि ज्याची गुरं सर्वात धष्टपुष्ट त्याचं जाहीर कौतुक. २००५ मध्ये युनेस्कोनेही या उत्सवाची दखल घेतली. नदी ओलांडायचा दिवस मात्र दरवर्षी पाणी किती उतरलंय ते बघून, बैठकीत ठरतो. घाई केली तर उभं भात तुडवलं जाईल ना!