‘हाय-लेव्हल आयआर’ला मराठीत काय म्हणावं?

रावपुरेकर : भाच्याला रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) मराठीतून समजावतोय. एएसटी म्हणजे वाक्यरचनेचं झाड, इथवर ठीक. पुढे एचआयआरला, म्हणजे झाडानंतरच्या ‘हाय-लेव्हल आयआर’ या मधल्या रूपाला, अडलो. कोशाच्या वळणाने ‘उच्चस्तरीय निरूपण’ केलं, तर म्हणतो, मामा, ही चौकशी समिती आहे की कीर्तन?

मांजलपूरकर : बरोबर बोलला. इथला ‘हाय’ म्हणजे मशीनपासून लांब, लिहिणाऱ्याच्या जवळ, एवढंच. आधी तिथे काय होतं ते बघा. फॉर लूप (एकेक गोष्ट घेऊन तेच काम पुन्हा करणारी रचना) उरतच नाही. त्याचा साधा लूप आणि मॅच (जुळणारा पर्याय निवडणारी रचना) होतो. कंस गळतात, कारण त्यांचं काम झाडाच्या आकारानेच केलेलं असतं. कोणतं नाव कुठल्या व्याख्येचं, तेही ठरलेलं असतं.

दांडियाबाजार : अहो, मग हा अन्वय! संस्कृतच्या तासाला आधी पदच्छेद, मग अन्वय करायचो ना? ‘आला दारी, दिली भाकर’ याचा अन्वय : तो दारी आला, तिने त्याला भाकर दिली. क्रम सरळ, अध्याहृत शब्द भरलेले, अर्थ तोच. पदच्छेद म्हणजे तुमचं टोकन पाडणं, कोडचे सुटे तुकडे करणं. सयाजीरावांच्या राज्याने १९३१ साली कारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश छापला, त्या बडोद्यात ‘हाय-लेव्हल’ म्हणून वेळ मारून न्यायची?

रावपुरेकर : ‘कलम अमुक अन्वये’ आठवतं खरं, पण अन्वय आवडला. आणि ‘लोअरिंग’, म्हणजे झाडावरून या रूपात नेणं? उतारा?

मांजलपूरकर : उतारा नको. सातबाराचा उतारा इथे गुजरातीतही उताराच, लोक तलाठ्याकडे जातील. क्रियापद घ्या : झाड अन्वयात उतरवलं.

एक खोच मात्र आहे. रस्ट-ॲनालायझरसारख्या, एडिटरमध्ये कोड लिहिताना मदत करणाऱ्या साधनाला नुसता अन्वय पुरत नाही. नावावर क्लिक केलं की मूळ मजकुरातल्या नेमक्या जागी परत यावं लागतं. म्हणून उतरवतानाच अन्वयातला कुठला तुकडा मजकुरात कुठे होता, याचा नकाशा वेगळा ठेवतात. शिवाय माणूस टाइप करतच असतो, ओळ अर्धीच असते. तिचाही अन्वय लावायचा. पद नसेल तिथे ‘मिसिंग’ लिहून पुढे जायचं.

दांडियाबाजार : आमच्या गुरुजींनी अर्ध्या श्लोकाचा अन्वय लावणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं.

रावपुरेकर : त्याखालच्या एमआयआरला, म्हणजे मशीनच्या आणखी जवळच्या रूपाला, काय?

मांजलपूरकर : तिथे मॅचही मोडतो, ठोकळे आणि त्यांच्यातल्या उड्या राहतात. बॉरो चेकर, म्हणजे डेटा उसना घेण्याचे नियम तपासणारा भाग, त्यावरच चालतो. तिथे श्लोक कामाला येणार नाही. वेगळा धागा काढा.