पॅसेंजर, टीसी आणि आपण : अनुभव लिहा

गोंदिया-बल्लारशा लाइनवाले, वर्धा-बडनेऱ्याकडचे, सगळ्यांनी लिहा. फुकट्यांची बाजू घेत नाही, पण तिकिटाची खिडकीच बंद असली तर माणसानं करावं काय? पॅसेंजरचं कमीत कमी तिकीट कोरोनानंतर 30 रुपये झालं होतं, 2024 पासून परत 10, अन बिनतिकीट सापडलं तर दंड भाड्याशिवाय कमीत कमी 250.

धानवाला :
आमच्या हॉल्टवर रेल्वेचा बाबू नाही, कमिशनवरचा एजंट तिकीट देते, अन कापणीच्या दिवसात तो वावरात. मग आम्ही पळतो मागच्या डब्याकडे, गार्डसाहेब (आता ट्रेन मॅनेजर म्हणा लागते) बिनतिकीट चढायच्या परवानगीची चिठ्ठी द्या म्हणतो. रेल्वे कायद्याच्या कलम 55 मध्ये आहे ते, चिठ्ठी असली की नुसतं भाडं लागते, दंड नाही. पण गाडी थांबते मिनिटभर, लिहीन कधी तो? एकदाच भेटली, टीसीनं उलटून पालटून पाहिली अन मुकाट्यानं भाडं घेतलं.

पासधारक :
ॲपवर काढा म्हणतात. फलाटावर उभं राहून ॲप तिकीट देत नाही, क्यूआर शोधा नाहीतर बाहेर जा, बाहेर नेटवर्क नाही. पण आपले पासवालेही काही कमी नाहीत, पॅसेंजर लेट झाली की एक्सप्रेसच्या स्लीपरमध्ये घुसतात अन दंड झाला की बोंबलतात. पास म्हणजे काही सातबारा नाही.

सिस्टरताई :
ड्युटीवरून येत होते, अंधार पडलेला. कॉलेजची एक पोरगी, एकटी, तिकीट नाही. टीसी म्हणे पुढच्या हॉल्टवर उतर. मी म्हटलं साहेब, कलम 139 वाचा, सोबत पुरुष नसला तर बाईमाणसाला असं कुठंही उतरवता येत नाही, जंक्शन, शेवटचं स्टेशन, जिल्ह्याचं ठिकाण नाहीतर जिथं चढली तिथं, तेही दिवसाच. नरमला. दंड मात्र सोडला नाही, आम्ही बायकांनी वर्गणी केली.

अचलपूरचे आबा :
शकुंतलेत, आमच्या जुन्या नॅरोगेज गाडीत, गार्डच तिकीट फाडे बावा. गाडीच इतकी हळू का कोणी सुटेच ना.

रिटायर टीसी :
पूर्ण गाडीत मी एकटा असायचो. जो स्वतः उठून जवळ येई, साहेब खिडकी बंद होती म्हणे, त्याचं ऐकून घ्यायचो. संडासात लपणाऱ्याचं काय ऐकावं?

नवीन मेंबर :
ते सगळं ठीक आहे, पण शनिवारी चेकिंग असते का तेवढं सांगा न.